छोट्या शॅमेलिऑनला पिंजरा किती मोठा घ्यायचा? नवीन पाळणाऱ्यांसाठी पहिल्यापासून सगळं

शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, घ्यायचं ठरलं की पहिला गोंधळ पिंजऱ्याच्या साइझवरून होतो. एक जण सांगतो, बेबी आहे, छोट्यातच ठेव, मोठ्यात त्याला खाणं सापडणार नाही, उपाशी मरेल. दुसरा सांगतो, काही ऐकू नकोस, पहिल्या दिवसापासून मोठाच घे, जंगलात काय त्याला कोणी मोजून झाड देतं का. मग आपण दोघांचंही मन राखतो आणि मधलाच कुठलातरी पिंजरा उचलून आणतो जो आत्ताही धड नसतो आणि सहा महिन्यांनीही धड नसतो. मी या सगळ्यातून गेलोय म्हणून जे कळलं ते क्रमाने लिहितोय. थोडं लांबलंय, पण खरेदीच्या आधी एकदा वाचून घ्या.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा: बॉक्सवर लिहिलेली उंची आणि प्राण्याला मिळणारी उंची वेगळी असते. वरचा भाग दिव्यामुळे जातो, खालचा कुंडी आणि ट्रेमध्ये जातो, मधे जे उरतं ते त्याचं घर. पुढचं सगळं या हिशोबावरच आहे.

१. आधी जात आणि नर-मादी पक्कं करा

"शॅमेलिऑनसाठी पिंजरा" असं काही नसतं. नवीन लोकांकडे साधारण तीन जाती असतात. व्हेल्ड हा येमेन आणि सौदी अरेबियातला, नर शेपटीसकट ४५ ते ६० सेमी होतो आणि मादी ३० च्या आसपास थांबते. पँथर मादागास्करचा, नर ४० ते ५० सेमी, मादी त्याच्यापेक्षा बरीच लहान. जॅक्सन पूर्व आफ्रिकेतल्या डोंगराळ भागातला, २० ते ३० सेमी, नराला तीन शिंगं असतात, एक नाकावर आणि दोन डोळ्यांच्या वर, आणि त्याला बाकी दोघांपेक्षा गारवा जास्त लागतो.

व्हेल्डचं एक बरं आहे, अगदी बोटाएवढं पिल्लू असलं तरी नर-मादी कळतं. मागच्या पायाची टाच बघा, तिथे बारीकसा उंचवटा बाहेर आलेला दिसला तर नर, टाच सपाट असली तर मादी. मोबाइलने झूम करून फोटो काढला की दिसतं. पँथरमध्ये ही खूण नाही, तिथे शेपटीच्या बुडाशी फुगवटा येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून दोनेक महिन्यांचं पँथर "शंभर टक्के नर आहे" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर जरा सांभाळून.

२. कागद आणि माहिती हातात घेतल्याशिवाय प्राणी आणू नका

जवळपास सगळे शॅमेलिऑन सायटिसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट २ मध्ये येतात, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात न्यायला परवाना लागतो. देशात पाळायचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, कुठे नोंदणी लागते, कुठे स्थानिक जात पाळायलाच बंदी असते, ते आधी आपल्या वनखात्याकडून किंवा संबंधित ऑफिसमधून विचारून घ्या. रानातून पकडलेला कितीही स्वस्तात मिळाला तरी नको, कायद्याची भानगड तर आहेच पण त्यांच्यात जंत आणि ताण दोन्ही इतकं असतं की नवीन माणसाच्या हातात ते फार टिकत नाहीत.

ब्रीडरकडून (पिल्लांची पैदास करून विकणाऱ्याकडून) हे घ्या:
- अंड्यातून बाहेर आल्याची तारीख (जॅक्सन असेल तर जन्मतारीख, ते थेट पिल्लं देतात)
- कॅप्टिव्ह ब्रीड (पाळलेल्या जोडीपासून झालेला) असल्याची पावती किंवा पत्र, लागू असेल तिथे परवान्याची कॉपी
- सध्या काय खातो, कपमधून खातो की मोकळे किडे पकडतो
- सध्या कुठल्या साइझच्या पिंजऱ्यात आहे आणि बास्किंगचं (दिव्याखाली ऊब घेत बसायच्या जागेचं) तापमान किती ठेवलंय

शेवटचे दोन मुद्दे लोक विचारतच नाहीत आणि साइझ ठरवायला तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.

३. शेवटचा पिंजरा आधी ठरवा, मग मागे या

व्हेल्ड किंवा पँथर नराला पूर्ण वाढल्यावर २४×२४×४८ इंच, म्हणजे साधारण ६०×६०×१२० सेमी. मादीला कमीत कमी १८×१८×३६ इंच, म्हणजे ४५×४५×९० सेमी. जॅक्सनलाही हाच कमीत कमी आकडा धरा. कमीत कमी म्हणजे याच्या खाली जायचं नाही, जागा असेल तर वर खुशाल जा.

हा पिंजरा घरात कुठे मावणार ते टेप घेऊन आत्ताच मोजा. दार पूर्ण उघडायला समोर जागा हवी, दिव्यांसाठी वर जागा हवी, आणि पिंजरा जमिनीवर ठेवायचा नाही हेही धरा (ते पुढे येईल). ही जागा निघत नसेल तर सध्याचं पिल्लू पाच-सहा सेमीचं असलं म्हणून काही होत नाही असं समजू नका. व्हेल्ड सहा महिन्यांत वयात येतो आणि वर्षभरात जवळपास पूर्ण वाढतो.

४. आता बेबीचं: छोटा की थेट मोठा?

ढोबळ मानाने:
- ३ महिन्यांच्या आत: १६×१६×२० इंच (४०×४०×५० सेमी)
- ३ ते ६ महिने: १६×१६×३० किंवा १८×१८×३६ इंच
- त्यानंतर: शेवटचा पिंजरा

माझं स्पष्ट मत, तीन-तीन पिंजरे घ्यायची गरज नाही. पिल्लू फारच लहान असेल तर एक छोटा आणि मग सरळ शेवटचा. चारेक महिन्यांचं पिल्लू घेताय तर छोटाही नको.

"मोठ्यात खाणं सापडत नाही" हे अर्धवट खरं आहे. शॅमेलिऑनचे डोळे वेगवेगळे फिरतात आणि नजर इतकी तीक्ष्ण असते की लांबचा किडाही त्याला दिसतो, प्रश्न त्याच्या नजरेचा नाही. प्रश्न असा की तुम्ही दहा बारीक क्रिकेट (खायला द्यायचे रातकिडे) मोकळे सोडले की चार कुंडीच्या मातीत शिरतात, दोन जाळीतून बाहेर जातात, आणि संध्याकाळी तुम्हाला कळतच नाही की याने खाल्ले किती. शिवाय उरलेले क्रिकेट रात्री झोपलेल्या पिल्लाला चावतात. म्हणजे दोष पिंजऱ्याच्या साइझचा नसून खायला देण्याच्या पद्धतीचा.

म्हणून थेट मोठ्यात ठेवायचं तर चार अटी:
- आत झाडं दाट, आणि एका फांदीवरून दुसरीवर खाली न उतरता जाता यावं
- खाणं कपमध्ये, रोज एकाच ठिकाणी
- रोज सकाळी तो कुठे आहे ते तुम्ही शोधणार, "असेल कुठेतरी पानात" चालणार नाही
- पिल्लू खातंपितं, सुदृढ आहे. नुकतंच आजारातून उठलं असेल तर छोटाच बरा

कपबद्दल एक. जीभ साधारण शरीराच्या दीड ते दोन पट लांब जाते, शेपूट सोडून. म्हणजे ५ सेमी अंगाच्या पिल्लाचा पल्ला जास्तीत जास्त ८-१० सेमी. कप फांदीपासून वीतभर लांब टांगला तर तो बघत बसेल पण पोचणार नाही. अंतर बरोबर असलं की बघायला मजा येते, आधी दोन्ही डोळे पुढे वळून एका जागी थांबतात, मग तोंड किंचित उघडून जिभेचं टोक बाहेर डोकावतं, क्षणभर अंग मागेपुढे डुलतं आणि फट्. डोळे वळले, जीभ डोकावली आणि तो तसाच परत मागे गेला असं दोन-तीनदा दिसलं तर कप जवळ आणा.

५. छोट्या पिंजऱ्याचा खरा धोका: वरून येणारी उष्णता

हा भाग नीट वाचा, सगळ्यात जास्त पिल्लं यातच जातात असं माझं मत झालंय.

समजा तुम्ही ५० सेमी उंच पिंजरा घेतला. यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) जाळीवर ठेवली तर पाठ तिच्यापासून साधारण २० सेमी खाली हवी. खाली कुंडी आणि ट्रेचे १५ सेमी गेले. उरले किती? १५ सेमी. म्हणजे अर्धा मीटर उंच पिंजऱ्यात त्याला फिरायला वीतभर पण जागा नाही, आणि त्या जागेत वर-खाली तापमानात फारसा फरकही पडत नाही. गरम झालं की शॅमेलिऑन खाली किंवा सावलीत सरकतो, त्याच्याकडे दुसरा उपायच नाही. खाली पण तेवढंच गरम असेल तर तो जाणार कुठे? त्यात पिल्लाचं वजन चार-दोन ग्रॅम, ते झटकन तापतं आणि तेवढंच झटकन सुकतं. बंद काचेची छोटी टाकी आणि वर बल्ब म्हणजे भट्टीच.

उपाय अवघड नाहीत:
- पिल्लासाठी बास्किंगच्या जागी २७ ते २९ अंश सेल्सिअस पुरे. मोठ्या व्हेल्डला ३० च्या थोडं वर चालतं, पिल्लाला नको. खालचा भाग २२-२४ च्या आसपास राहायला हवा.
- बल्ब कमी वॅटचा घ्या आणि जाळीला चिकटून ठेवण्यापेक्षा स्टँड लावून ८-१० सेमी वर उचला. ट्यूबही तशीच उचलता येते, मग वाया गेलेली उंची आत परत मिळते. छोट्या पिंजऱ्यासाठी मला ही युक्ती सगळ्यात आवडते.
- तापमान मोजायचं ते पाठ जिथे येईल तिथे, फांदीवर नाही. व्हेल्डच्या डोक्यावरचा तुरा महिन्यागणिक उंच होतो, फांदी तिथेच राहते आणि डोकं दिव्याच्या जवळ जात राहतं, मग एक दिवस तुऱ्याच्या टोकाला काळा डाग दिसतो, तो भाजल्याचा असतो. दर दोन-तीन आठवड्यांनी बास्किंगची फांदी थोडी खाली घ्या.
- हात तिथे पालथा धरून बघा, दोन-तीन मिनिटांत चटका जाणवला तर त्याला जास्तच आहे.

यूव्हीबीला लांब टी५ एचओ (बारीक, जास्त ताकदीची) ट्यूब घ्या, ५ किंवा ६ टक्के यूव्हीबीवाली. यूव्ही मीटर मिळाला तर बास्किंगला इंडेक्स ३ च्या आसपास हवा. गोल वळणाचे कॉम्पॅक्ट बल्ब एकाच जागी मारतात, बाकी पिंजरा अंधारात. ट्यूब पिंजऱ्याच्या रुंदीइतकी लागते, म्हणून छोट्या पिंजऱ्याला छोटी आणि मोठ्याला पुन्हा मोठी असा दुहेरी खर्च होतो, तोही हिशोबात धरा. ट्यूब पेटते म्हणजे यूव्हीबी देते असं नाही, साधारण वर्षाने बदलावी लागते.

६. जाळी, काच की दोन्ही

जाळीत हवा खेळती राहते पण ओलावा टिकत नाही. काचेत ओलावा टिकतो पण खालून आणि वरून दोन्हीकडे हवेला वाट नसेल तर हवा कुबट होते आणि श्वासाचे आजार होतात, शिवाय कधीकधी स्वतःचं प्रतिबिंब दिसून तो दिवसभर चिडलेला राहतो. तुमची खोली दमट आणि गरम असेल तर जाळी. कोरडी किंवा थंड असेल तर तीन बाजू बंद आणि समोर-वर जाळी असं हायब्रिड, किंवा जाळीच्याच पिंजऱ्याला बाहेरून तीन बाजूंनी प्लास्टिक शीट लावली तरी काम होतं.

जाळी खरखरीत, कापलेल्या तारेची नको, नखं अडकून तुटतात. आणि दार समोरच हवं. वरून हात आला की त्याला तो पक्षीच वाटतो.

७. आत काय भरायचं

रिकामा ४८ इंची पिंजरा म्हणजे त्याच्यासाठी चार भिंती आणि एक फरशी, तो सगळा वेळ जाळीवर चढून बसेल. फांद्या आडव्या जास्त हव्यात, वेगवेगळ्या उंचीवर, पिल्लासाठी पेन्सिलपेक्षा बारीक, म्हणजे पंजा पूर्ण वळून पकड बसते. रात्री बघा, तो एकदम फिकट होऊन बारीक डहाळीच्या टोकाला शेपूट गुंडाळून झोपतो, त्याला अशी एक डहाळी द्याच.

झाडं खरी. मनी प्लांट, शेफलेरा, फायकस, जास्वंद चालतात. नर्सरीतून आणल्यावर पानं दोन्ही बाजूंनी धुवा आणि काही आठवडे बाहेर ठेवा, फवारणीचा अंश राहतो आणि व्हेल्ड पानं खातो. त्याच कारणाने प्लास्टिकची पानं त्याच्या पिंजऱ्यात नकोत.

खाली माती, भुसा, कोकोपीट काही नको, तळ मोकळा. वाटीतलं पाणी तो ओळखत नाही, पानावरचे थेंब चाटतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ बारीक फवारा आणि दिवसा एखादं ड्रिप (थेंब-थेंब पाणी सोडणारं). ते पाणी कुठे जाणार ते आधी ठरवा, ट्रे नसेल तर टेबल कुजेल. दिवसा पानं सुकली पाहिजेत, चोवीस तास ओलं नको.

८. पिंजरा ठेवायचा कुठे

उंचावर. त्याची बास्किंगची फांदी तुमच्या डोळ्यांच्या वर आली पाहिजे, खालून वर बघणारा माणूस त्याला कमी भीतिदायक वाटतो. छोटा पिंजरा असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण त्याला आत तुमच्यापासून लांब जायला जागाच नसते. पंख्याच्या, एसीच्या झोतात नको, खिडकीतल्या थेट उन्हात काचेचा तर अजिबात नको. आरसा, दुसरा शॅमेलिऑन, मांजर यातलं काहीही समोर दिसता कामा नये. दिवे १२ तास, रात्री पूर्ण अंधार, लाल-निळे नाइट बल्ब घेऊ नका.

९. मोठा पिंजरा आहे म्हणून दोन ठेवू नका

एका पिंजऱ्यात एकच. भावंडंसुद्धा दोन-तीन महिन्यांची झाली की वेगळी. भांडण दिसत नाही म्हणून लोक फसतात. होतं असं की एक रोज बास्किंगच्या जागेवर आणि कपवर बसतो, दुसरा खालच्या पानात काळवंडून बसतो, आणि महिन्याने वजन केलं की पहिला दुप्पट झालेला असतो.

१०. मादी असेल तर अंड्यांची जागा धरा

व्हेल्ड मादी नर न भेटताही अंडी घालते, पाच-सहा महिन्यांची झाली की कधीही. तिला खणायला ओलसर वाळू-मातीचा डबा लागतो, साधारण ३०×३० सेमी आणि आत २० ते ३० सेमी खोल थर. आता पुन्हा हिशोब करा: ९० सेमीच्या पिंजऱ्यात दिव्याचे २० गेले, डब्याचे ३० गेले, उरले ४०. म्हणून मादीला "छोटी आहे, छोट्यात भागेल" असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, तिलाही २४×२४×४८ घेता आला तर घ्या. जागा मिळाली नाही तर अंडी आत अडकतात आणि त्यात मादी दगावते. ती खाली उतरून कोपरे उकरत असेल, खाणं कमी झालं असेल तर डबा लगेच ठेवा, वरून कपडा टाका आणि डोकावू नका.

११. आणायच्या आधी हे सामान तयार

- पिंजरा आणि खाली मजबूत टेबल किंवा रॅक
- टी५ ट्यूब, कमी वॅटचा बास्किंग बल्ब, दोन्हीला टायमर
- वायर-प्रोबवाले दोन थर्मामीटर (एक वर, एक खाली), हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजायला)
- स्प्रे बाटली किंवा मिस्टर (बारीक फवारा मारणारं यंत्र), ड्रिप, पाण्याचा ट्रे
- फीडर कप, आतून गुळगुळीत नको, किड्यांना भिंतीला चढता आलं की तो बघतो
- एक ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा
- कॅल्शियम पावडर, आणि सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांचा नंबर

सगळं लावून प्राण्याशिवाय तीन-चार दिवस चालू ठेवा. दुपारी आणि पहाटे आकडे लिहून घ्या, दुरुस्त्या तेव्हाच करा.

१२. मोठ्यात कधी आणि कसं हलवायचं

महिने मोजण्यापेक्षा तीन गोष्टी बघा: नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सरळ धरलं तर पिंजऱ्याच्या रुंदीच्या बाहेर जातोय, दिव्यापासून योग्य अंतर ठेवून खाली फांद्या बसवता येत नाहीयेत, किंवा रोज जाळीवर एकाच रेषेत वर-खाली येरझाऱ्या घालतोय. एकही दिसलं तरी हलवा. फक्त येरझाऱ्या असतील तर आधी समोर काही दिसून तो घाबरत नाहीये ना, तेवढं तपासा.

हलवताना जुन्या पिंजऱ्यातली एक कुंडी आणि त्याची झोपायची डहाळी नव्यात न्या, कप त्याच रंगाचा ठेवा, आणि सकाळी हलवा म्हणजे अंधार पडायच्या आत त्याला जागा फिरून बघता येते. त्याला ओढून काढू नका, फांदी पुढे धरा, चढला की फांदीसकट न्या. पहिले दोन-तीन दिवस गडद रंग, कमी खाणं चालतं. दिवसा डोळे मिटून बसणं मात्र चालत नाही, ते दिसलं की वाट न बघता डॉक्टर. वजन आठवड्याला लिहा, वाढत्या पिल्लाचं वजन उतरलं तर काहीतरी बिघडलंय.

जुना छोटा पिंजरा विकू नका. उकळत्या पाण्याने धुऊन, वाळवून ठेवा, पुढे कधी औषध चालू असेल किंवा मोठ्या पिंजऱ्याची सफाई करायची असेल तेव्हा त्याला ठेवायला तोच लागतो.